घुमट, मिंबर आणि खजिना : उमय्यद खलिफांच्या मशिदींमधली राजसत्ता

पूर्वरंग (धागालेखक)

जेरुसलेममधल्या खडकावरच्या घुमटात, म्हणजे कुब्बत अस-सख्रामध्ये, आतल्या अष्टकोनी कमानरांगेवर कुफी, म्हणजे कोनदार वळणाच्या जुन्या अरबी लिपीतला, एक लेख आहे. गडद निळसर-हिरव्या जमिनीवर सोनेरी मोझेक तुकड्यांनी लिहिलेला हा लेख कमानरांगेच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही अंगांनी फिरतो आणि त्याची एकूण लांबी सुमारे 240 मीटर भरते. त्यात एका ठिकाणी अक्षरे एकदम अंग चोरून बसल्यासारखी दिसतात आणि मागचा निळा रंगही शेजारच्या निळ्याशी जुळत नाही. त्या जागी असे लिहिले आहे की हा घुमट अल्लाहचा सेवक, इमाम, श्रद्धावंतांचा अमीर अल-मामून याने 72 साली बांधला. हिजरी 72 म्हणजे इ.स. 691-92. अल-मामून हा अब्बासी, म्हणजे उमय्यदांनंतर सत्तेवर आलेल्या घराण्यातला, खलिफा 813 ते 833 या काळात गादीवर होता, त्यामुळे 72 साली त्याचा जन्म व्हायलाही जवळजवळ शंभर वर्षे बाकी होती. घुमट बांधला तो उमय्यद खलिफा अब्द अल-मलिक याने. त्याचे नाव खरवडून तिथे नवे नाव बसवले गेले आणि साल मात्र जुनेच राहिले.

हा धागा काढण्याचे कारण हीच दाटीवाटीची ओळ आहे. ज्या इमारतीवरचे नाव सव्वाशे वर्षांनंतरही बदलावेसे वाटते, ती केवळ प्रार्थनेसाठी किंवा पुण्यासाठी बांधली होती असे मला वाटत नाही. आरंभीच्या इस्लामी वास्तुकलेवर मराठीत जे थोडे लिहिले जाते, त्यात बहुतेक वेळा घुमट, कमानी आणि नक्षी यांचे वर्णन येते आणि तिथेच विषय संपतो. या इमारती कोणासाठी, कोणाच्या पैशाने आणि कोणाला काय सांगण्यासाठी उभ्या राहिल्या, यावर आपण इथे नीट बोलावे अशी माझी इच्छा आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मशिदीत राजसत्ता शिरली ती एका दिवसात आणि एका खलिफाच्या हौसेने शिरली नाही. आधी ती कारभाराच्या गरजेपोटी मशिदीच्या शेजारी येऊन बसली, मग भिंतीला दार पाडून आत आली आणि शेवटी तिने मोझेकमध्ये आपले नाव लिहिले. या प्रत्येक टप्प्यावर मुसलमानांमधूनच हरकत घेतली गेली आणि ती हरकत आपण वास्तूच्या इतिहासाचा भाग म्हणून वाचत नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

मदिनेत प्रेषित मुहम्मद यांची मशीद कच्च्या विटांची होती, खांब खजुराच्या खोडांचे आणि छप्पर झावळ्यांचे. त्यांच्या पत्नींच्या खोल्या त्याच अंगणाला लागून होत्या. पुढे 638 च्या सुमारास इराकमध्ये कुफा हे छावणीचे गाव वसले, तेव्हाची एक हकिकत इतिहासकार तबरीने दिली आहे. तिथल्या बैतुल-मालला, म्हणजे सार्वजनिक खजिन्याला, चोरांनी भोक पाडून पैसा पळवला. ही बातमी मदिनेला गेल्यावर खलिफा उमर यांनी सुभेदार साद इब्न अबी वक्कास यांना कळवले की मशीद हलवून खजिन्याच्या वाड्याला लागून घ्यावी, कारण मशिदीत रात्रंदिवस माणसे असतात आणि पैसा त्यांचाच असल्यामुळे तीच त्याची राखण करतील. मशीद, सुभेदाराचा वाडा आणि खजिना एकमेकांना चिकटले ते असे. पुढे दमास्कसला आणि बगदादला हीच रचना दिसते, फक्त तिथे तिला राखणीची गरज उरलेली नव्हती.

याच उमर यांची दुसरी हकिकत इजिप्तची आहे. फुस्तात येथे अम्र इब्न अल-आस याने 641-42 मध्ये मशीद बांधली आणि तीत स्वतःसाठी मिंबर, म्हणजे प्रवचनाचा पायऱ्यांचा चौथरा, करून घेतला. उमर यांनी त्याला तो मोडून टाकायला लावला. मुसलमान तुझ्या टाचांपाशी बसलेले असताना तू उभा राहतोस, एवढे तुला पुरत नाही काय, असे त्यांनी विचारल्याचे इतिहासकार इब्न अब्द अल-हकमने नोंदवले आहे. लाकडाच्या चार पायऱ्यांत राजेपणाचा वास येतो, हे त्या पिढीला कळत होते. त्यानंतर तीस वर्षेही झाली नव्हती तोच पहिला उमय्यद खलिफा मुआविया याने मदिनेतले प्रेषितांचे मिंबर दमास्कसला हलवण्याचा विचार केला. त्या वेळी सूर्याला ग्रहण लागले, लोक घाबरले आणि बेत सोडून द्यावा लागला, असे तबरी सांगतो. मिंबर तिथेच राहिले, पण मुआवियाने त्याच्या तीन पायऱ्यांना आणखी सहा जोडल्या.

आता पुन्हा घुमटाकडे येऊ. अब्द अल-मलिक 685 मध्ये गादीवर आला तेव्हा मक्का त्याच्या हातात नव्हती. तिथे अब्दुल्ला इब्न अल-झुबैर स्वतःला खलिफा म्हणवत होता आणि ही यादवी 692 पर्यंत चालली. उत्तरेला बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राट होता आणि सीरिया-पॅलेस्टाइनमधली बहुसंख्य प्रजा ख्रिस्ती होती. अशा वेळी जेरुसलेममधल्या उजाड मंदिर-टेकडीवर, जिथे रोमनांनी सन 70 मध्ये ज्यूंचे मंदिर पाडल्यापासून असे भव्य काही उभे नव्हते, त्याने ही अष्टकोनी वास्तू उठवली. ती रूढ अर्थाने मशीद नाही. मधला खडक, त्याभोवती प्रदक्षिणेसाठी दोन मार्ग आणि वर घुमट, ही रचना ख्रिस्ती स्मारकांवरून घेतलेली आहे. घुमटाचा व्यास 20 मीटरहून थोडा अधिक आहे आणि त्याच शहरात काहीशे मीटरवर असलेल्या पवित्र थडग्याच्या चर्चच्या घुमटाचा व्यास जवळजवळ तेवढाच आहे. हा योगायोग मानायला मी तयार नाही.

लेखाचा मजकूरही पाहण्यासारखा आहे. त्यात ग्रंथधारकांना, म्हणजे इथे ख्रिस्त्यांना, थेट हाक मारली आहे : आपल्या धर्मात अतिरेक करू नका, मरियमचा पुत्र ईसा हा अल्लाहचा प्रेषित आहे, तीन (म्हणजे ख्रिस्ती त्रैक्य) असे म्हणू नका. प्रेषितांच्या स्वर्गारोहणाशी आज आपण या खडकाचा संबंध जोडतो, पण त्या प्रसंगाचा या 240 मीटरमध्ये उल्लेख नाही. मोझेकमध्ये वेली, फुलदाण्या आणि फळे आहेत, आणि खडकाच्या बाजूला तोंड असलेल्या भागांवर मुकुट, कंठहार व रत्नजडित पदके आहेत. त्यांतले काही दागिने बायझंटाइन धर्तीचे आहेत, काही सासानी इराणी धर्तीचे. एक साम्राज्य बुडवले आणि दुसऱ्याचे सोन्यासारखे प्रांत घेतले, त्यांचे मुकुट इथे देवापुढे टांगले आहेत, असा अर्थ काही अभ्यासक लावतात आणि मला तो पटतो.

दमास्कसची मशीद अब्द अल-मलिकचा मुलगा अल-वलिद याने बांधली. त्या जागी आधी हदद या देवाचे, मग ज्युपिटरचे देऊळ होते आणि त्यानंतर बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे चर्च होते. 635 मध्ये शहर मुसलमानांच्या हाती आल्यावर सुमारे सत्तर वर्षे त्याच प्राकारात एका बाजूला चर्च आणि दुसऱ्या बाजूला नमाजाची जागा असे दोन्ही नांदत होते. अल-वलिदने 706 मध्ये चर्च पाडले आणि सुमारे 157 बाय 100 मीटरच्या त्या जुन्या रोमन प्राकाराच्या आत मशीद उभी केली. किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या, भिंतीमागे मुआवियाने बांधलेला अल-खद्रा हा राजवाडा होता. नमाजगृहाच्या तीन लांब ओळींना मधोमध छेदून जाणारा उंच दालनाचा भाग आणि त्यावरचा गरुड-घुमट त्या राजवाड्याच्या दिशेनेच नजर नेतो. प्राकारात आठ खांबांवर उचलून धरलेली खजिन्याची घुमटी आजही आहे. ती सगळ्यांना दिसते, पण जमिनीवरून कोणाचा हात तिथे पोहोचत नाही. कुफ्याच्या चोरीची गोष्ट माहीत असेल तर त्या घुमटीकडे पाहताना बरेच काही कळते.

जाणकारांनी भर घालावी, चुका असतील तर दाखवाव्यात.

---

नाणेघाट

लेख फार आवडला. माझा अभ्यास नाण्यांचा आहे, म्हणून त्या बाजूने एक जोड देतो. घुमट पूर्ण झाल्यावर चार-पाच वर्षांतच, हिजरी 77 म्हणजे 696-97 मध्ये, अब्द अल-मलिकने सोन्याचा नवा दिनार पाडला. त्याआधी काही वर्षे त्याच्या नाण्यांवर कमरेला तलवार लावलेला उभा खलिफा होता आणि सॉलिडस या बायझंटाइन सोन्याच्या नाण्यावरचा क्रूस मोडून नुसता पायऱ्यांवरचा खांब राहिला होता. नव्या दिनारावर चित्र अजिबात नाही. साधारण सव्वाचार ग्रॅमच्या त्या चकतीवर मधोमध तीन ओळींत एकेश्वरत्वाची ग्वाही आहे, आणि मागच्या बाजूला अल्लाह एक आहे, त्याने कोणाला जन्म दिला नाही आणि त्याला कोणी जन्म दिला नाही, ही कुराणातली वचने आहेत. हीच वचने घुमटातल्या लेखातही आहेत.

मला नवल वाटते ते एका फरकाचे. घुमटावर खलिफाचे नाव होते, दिनारावर ते नाही. नाणे हातोहात फिरते आणि त्यावर राजाचा मुखवटा असलाच पाहिजे अशी हजार वर्षांची सवय होती. ती सवय मोडून त्याने तिथे फक्त शब्द ठेवले. मला वाटते, मुखवट्याशिवाय नाणे चालवून दाखवणे हीच त्याच्या सत्तेची मोठी खूण होती.

---

करवीरनिवासी

पूर्वरंग, तुमचा अभ्यास दांडगा आहे, तरीही दोन शंका मनात राहतात आणि त्या स्पष्ट मांडतो.

पहिली अशी की घुमटातला लेख ख्रिस्ती प्रजेला उद्देशून आहे असे तुम्ही सुचवता. त्या काळी जेरुसलेमचे ख्रिस्ती लोक ग्रीक आणि सिरियाई वाचत होते. अरबीत, तेही तुरळक नुक्ते असलेल्या कुफी लिपीत, डोक्याच्या कितीतरी वर आणि दिव्यांच्या उजेडात लिहिलेला मजकूर त्यांच्यापैकी किती जणांनी वाचला असेल? मुळात त्यांना आत प्रवेश किती होता, हाही प्रश्नच आहे. दुसरी शंका कारागिरांविषयी. मोझेक घडवणारे हात बायझंटाइन परंपरेतले होते, रचना चर्चची, खांब जुन्या इमारतींतून काढून आणलेले. मग हिला इस्लामी साम्राज्याची वास्तू म्हणायचे, की जिंकलेल्यांनी जिंकणाऱ्यांसाठी आपल्याच पद्धतीने बांधलेली वास्तू म्हणायचे?

---

पूर्वरंग (धागालेखक)

करवीरनिवासी, पहिल्या शंकेपुढे मला माझे म्हणणे थोडे मागे घ्यावे लागेल. लेख ख्रिस्ती मताला उत्तर देतो हे खरे, परंतु तो ख्रिस्ती माणसाने वाचावा म्हणून लिहिला होता असे त्यावरून सिद्ध होत नाही. आपल्याच सैनिकांनी आणि नवमुस्लिमांनी शेजारच्या चर्चच्या वैभवाने भारावून जाऊ नये, ही चिंता अधिक मोठी असावी. मात्र अक्षरे वाचता न येणाऱ्यालाही एक गोष्ट दिसत होती. ज्या जागी तो आजवर ग्रीक अक्षरे पाहत आला होता, तिथे आता अरबी अक्षरे सोन्यात होती. अब्द अल-मलिकच्याच काळात सीरियातले सरकारी दफ्तर ग्रीकमधून अरबीत आले. दमास्कस आणि जेरुसलेमकडे जाणाऱ्या रस्त्यांवर त्याच्या नावाचे मैलाचे दगड बसवले गेले, त्यांतले काही आजही शिल्लक आहेत. नाणेघाट यांनी सांगितलेला दिनार त्याच मालिकेतला आहे. दफ्तर, रस्ता, नाणे आणि घुमट या चारही ठिकाणी एकाच दशकाच्या आगेमागे लिपी बदलते, हे मला महत्त्वाचे वाटते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर पपायरसमध्ये, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या जुन्या दफ्तरात, सापडते. वरच्या इजिप्तमधल्या अफ्रोदितो या गावी, आजच्या कोम इश्काव येथे, सरकारी पत्रव्यवहाराचा एक मोठा साठा मिळाला. इजिप्तचा सुभेदार कुर्रा इब्न शरिक, ज्याचा कारभार 709 ते 714 असा होता, त्याने तिथल्या बसिलिओस नावाच्या स्थानिक ख्रिस्ती कारभाऱ्याला ग्रीक आणि अरबीत पत्रे पाठवली आहेत. त्यांत दमास्कसच्या मशिदीसाठी, जेरुसलेमच्या मशिदीसाठी आणि श्रद्धावंतांच्या अमिराच्या राजवाड्यासाठी मजूर आणि कारागीर पाठवण्याचे, त्यांच्या मजुरीची व धान्याची तरतूद करण्याचे हुकूम आहेत आणि उशीर झाल्याबद्दल दटावणीही आहे. नाईलकाठच्या एका खेड्याच्या करपत्रकात दमास्कसच्या मशिदीचा खर्च पडलेला आहे. कोणत्या परंपरेतल्या हातांनी तुकडे बसवले हा प्रश्न कलेचा झाला. ते हात शेकडो मैलांवरून हुकमाने बोलावता येणे हा राज्याचा प्रश्न आहे, आणि या अर्थाने ती मशीद पहिल्या दगडापासून साम्राज्याचीच आहे.

---

मुळाकाठ

धागा वाचताना एक गोष्ट राहून राहून आठवत होती, ती मांडते. मुकद्दसी हा दहाव्या शतकातला भूगोलकार मूळ जेरुसलेमचा. त्याच्या आजोबांपैकी एकाने अक्कोच्या बंदराची तटबंदी बांधली होती, म्हणजे बांधकाम त्याच्या घरातलेच. त्याने आपल्या चुलत्याशी झालेले बोलणे लिहून ठेवले आहे. तो चुलत्याला म्हणतो की काका, अल-वलिदने मुसलमानांचा पैसा दमास्कसच्या मशिदीवर उधळला हे काही बरे केले नाही, तोच पैसा रस्ते, पाण्याची टाकी आणि किल्ले यांच्या डागडुजीला लावला असता तर अधिक योग्य झाले असते. त्यावर चुलता त्याला समजावतो की बाळ, तुला यातले कळलेले नाही. सीरिया हा ख्रिस्त्यांचा मुलूख, तिथे त्यांची देखणी चर्च होती, त्यांची कीर्ती सर्वत्र होती, म्हणून अल-वलिदने मुसलमानांचे लक्ष तिकडून वळवील अशी मशीद बांधून ती जगातले नवल करून ठेवली. अब्द अल-मलिकनेही पवित्र थडग्याच्या चर्चचा घुमट पाहिला आणि तो मुसलमानांच्या मनात घर करील या भीतीने खडकावर घुमट उभारला.

पूर्वरंग यांनी आत्ताच करवीरनिवासींना दिलेले उत्तर जवळजवळ याच चुलत्याचे आहे. मला मात्र पुतण्याचा प्रश्न अधिक जवळचा वाटतो. तीनशे वर्षांनंतरही जेरुसलेमच्या एका मुसलमानाला असे वाटत होते की मशिदीऐवजी पाण्याची टाकी हवी होती, आणि हे आपल्या पुस्तकात लिहायला तो कचरला नाही.

मदिनेची हकिकत तर याहून हृदयाला भिडणारी आहे. अल-वलिदच्या हुकमाने 707 ते 709 या काळात प्रेषितांची मशीद पाडून मोठी करण्यात आली. त्या वेळी तिथला सुभेदार होता उमर इब्न अब्द अल-अझीझ, जो पुढे स्वतः खलिफा झाला. विस्तारासाठी प्रेषितांच्या पत्नींच्या खोल्या पाडाव्या लागल्या. कच्च्या विटांच्या आणि झावळ्यांच्या त्या ठेंगण्या खोल्या पाडताना मदिनेत लोक रडले. विद्वान सईद इब्न अल-मुसय्यिब म्हणाले की त्या होत्या तशाच ठेवायला हव्या होत्या, म्हणजे पुढच्या पिढ्यांना आणि दुरून येणाऱ्यांना प्रेषितांनी आयुष्यात किती थोडक्यात समाधान मानले ते दिसले असते. नव्या मशिदीला संगमरवर, मोझेक, चार कोपऱ्यांवर मिनार आणि अर्धगोल मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, आले. ती पाहायला आलेल्या अल-वलिदने आपल्या बांधकामाची तुलना खलिफा उस्मान यांच्या बांधकामाशी केली, तेव्हा उस्मान यांचा मुलगा अबान त्याला म्हणाला की आम्ही मशिदीसारखे बांधले, तुम्ही चर्चसारखे बांधलेत.

---

पूर्वरंग (धागालेखक)

मुळाकाठ, अबानचे वाक्य आणल्याबद्दल मनापासून आभार. मी ज्याला हरकतीचा इतिहास म्हणत होतो तो हाच. त्याला आणखी एक कडी जोडतो. मदिनेत त्या खोल्या पाडणारा उमर इब्न अब्द अल-अझीझ 717 मध्ये खलिफा झाल्यावर दमास्कसच्या ख्रिस्त्यांनी त्याच्याकडे आपल्या चर्चबद्दल दाद मागितली. इतिहासकार बलाझुरीच्या म्हणण्याप्रमाणे तो ती जागा परत द्यायला निघाला होता, पण शहरातल्या मुसलमानांना ते रुचले नाही. शेवटी तडजोड झाली आणि शहराबाहेरच्या घूता भागातली, तलवारीने घेतलेली चर्च ख्रिस्त्यांना परत मिळाली. याच खलिफाने मशिदीतले सोने, संगमरवर आणि दिव्यांच्या साखळ्या काढून खजिन्यात जमा करण्याचे ठरवले होते, असेही दमास्कसचे इतिहासकार सांगतात. इतक्यात बायझंटाइन राजदूत मशीद पाहायला आला, तिचे वैभव पाहून त्याचा चेहरा उतरला आणि अरबांचे राज्य थोड्या दिवसांचे आहे असे आम्ही समजत होतो, हे त्याने बोलून दाखवले. ते ऐकून उमरने सोने जागच्या जागी राहू दिले. हकिकत नंतर रचलेली असू शकते. तरी दमास्कसच्या लोकांना आपल्या मशिदीचे समर्थन करताना काय सांगावेसे वाटले, ते तीत आले आहे.

---

नाणेघाट

अब्बासींविषयी थोडे यायला हवे, नाहीतर सगळा भार उमय्यदांवरच पडेल. अल-मन्सूरने 762 मध्ये गोल बगदाद वसवले, तेव्हा मधोमध राजवाडा आणि त्याला लागून मशीद ठेवली, आणि राजवाडा चारशे हातांचा तर मशीद दोनशे हातांची अशी मापे इतिहासकार देतात. शहराच्या कोणत्याही वेशीतून दिसणारा उंच हिरवा घुमट राजवाड्यावर होता, मशिदीवर नव्हता. त्याचा मुलगा अल-महदी याने उलट दिशेने पाऊल टाकले. हिजरी 161 मध्ये त्याने हुकूम काढला की जामा मशिदींमधल्या मक्सूरा, म्हणजे राज्यकर्त्यासाठी जाळीने वेगळी केलेली जागा, काढून टाकाव्यात आणि मिंबरांची उंची प्रेषितांच्या मिंबराएवढी करावी. मुआवियाच्या जादा सहा पायऱ्यांवर शंभर वर्षांनी घेतलेली ही सरकारी हरकतच म्हणायची. ती फार टिकली नाही. अल-मुतवक्किलने 848 ते 852 या काळात समार्रा येथे सुमारे 240 बाय 156 मीटरची मशीद आणि बाहेरून चक्राकार चढत जाणारा 52 मीटर उंचीचा मिनार बांधला.

---

रेवदंडा

विषय सीरियाचा आहे याची जाणीव ठेवून आमच्या किनाऱ्याचा एक धागा जोडतो, कारण त्याच काळातला आहे. हिजरी 304 मध्ये, म्हणजे 916-17 च्या सुमारास, बगदादचा प्रवासी आणि इतिहासकार अल-मसूदी सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे आमचे चौल. तिथे सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद इथले मुसलमान व त्यांची इथेच जन्मलेली मुले मिळून सुमारे दहा हजार वस्ती असल्याचे तो लिहितो. स्थानिक राजा झंझ, म्हणजे शिलाहार, आणि त्याच्यावर बल्हरा, म्हणजे वल्लभराज राष्ट्रकूट. बल्हराच्या राज्यात मुसलमानांना मान आहे, त्यांच्या लहान मशिदी आणि जामा मशिदी नमाजाने गजबजलेल्या आहेत, असे मसूदी सांगतो. चौलच्या मुसलमानांचे आपापसातले तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला होता.

याला ताम्रपटाचीही साक्ष आहे. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी येथे सापडलेल्या शक 848 च्या, म्हणजे इ.स. 926 च्या ताम्रपटात राष्ट्रकूटांनी संजाण प्रांतावर नेमलेल्या ताजिक, म्हणजे अरब, मांडलिकाचे नाव मधुमती सुगतिप असे येते. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप आहे. हा ताम्रपट त्याच्या कारकिर्दीत भगवतीच्या मठिकेला दिलेल्या जमिनीचा आहे. खलिफाचा राजवाडा नाही, खजिना नाही, मोझेक नाही, तरीही चौलच्या मशिदी भरलेल्या होत्या. साम्राज्य आणि मशीद यांची सांगड घालताना ही बाजूही ध्यानात असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

---

पूर्वरंग (धागालेखक)

रेवदंडा, तुमच्या प्रतिसादाने माझ्या डोळ्यांसमोर एक जुनी नोंद नव्याने उभी राहिली. दमास्कसच्या मशिदीतला अल-वलिदचा मूळ लेख आज तिथे नाही. त्यातला मजकूर आपल्याला कळतो तो मुख्यतः एका माणसामुळे, आणि तो माणूस म्हणजे हाच अल-मसूदी. चौल पाहून गेल्यानंतर जवळजवळ अठ्ठावीस वर्षांनी, हिजरी 332 मध्ये, तो लेख अजून भिंतीवर सोन्याच्या अक्षरांत असल्याचे त्याने लिहिले आहे. आमचा पालनकर्ता अल्लाह आहे आणि आम्ही केवळ त्याचीच उपासना करतो, या ग्वाहीनंतर पुढची ओळ अशी होती : ही मशीद बांधण्याचा आणि तिच्यात असलेले चर्च पाडण्याचा हुकूम अल्लाहचा सेवक, श्रद्धावंतांचा अमीर अल-वलिद याने 87 सालच्या जुल्हिज महिन्यात दिला.

पाडण्याचा हुकूम बांधण्याच्या हुकमाशेजारी, एकाच वाक्यात, किब्ल्याच्या बाजूला सोन्यात लिहिलेला होता. त्याच दक्षिणेकडच्या भिंतीत, बाहेरच्या अंगाला, देवळाच्या आणि चर्चच्या काळातले जुने दार आहे. ते बुजवलेले आहे. त्याच्या चौकटीवरची ग्रीक ओळ अल-वलिदच्या माणसांनी तशीच राहू दिली आणि ती आजही वाचता येते : हे ख्रिस्ता, तुझे राज्य सर्व युगांचे राज्य आहे आणि तुझी सत्ता पिढ्यान्‌पिढ्या आहे.